तुला कशाला हवी ती लस?

मागच्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली होती. वय २३, हिंजवडीत नोकरी. फराळाची ताटं आवरताना ती हळूच म्हणाली, "मावशी, आमच्या कंपनीत एचपीव्हीच्या लशीचं शिबिर आहे. नाव देऊ का?" मी "दे की" म्हणेपर्यंत ओट्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या आईच्या कानावर ते गेलं. "कसली लस गं?" भाचीनं सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. आईनं हातातला चकलीचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, तुझं अजून लग्न नाही झालं. तुला कशाला हवी ती लस?"

आईच्या आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. काळजीच होती. पण भाचीचा चेहरा उतरला आणि विषय तिथंच थांबला. रात्री गच्चीवर आम्ही दोघीच असताना तिनं विचारलं, "आणि मावशी, तू केलीयेस का तपासणी?"

केली नव्हती.

मी ४८ वर्षांची आहे. बायकांच्या आरोग्यावर गेली पंधरा वर्षं लिहिते आहे. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार जणी त्यानं गेल्या, हा अंदाज मला तोंडपाठ आहे. स्तनांच्या कर्करोगाखालोखाल आपल्याकडच्या बायकांमध्ये याचाच नंबर लागतो, आणि तरीही पेशी बिघडू लागल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षं जातात. इतकी सवलत फार थोडे कर्करोग देतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के जणींनी कधीतरी ही तपासणी झाल्याचं सांगितलं होतं. त्या आकड्यावर मी तळमळून लेख लिहिला होता. लिहिताना मी स्वतः उरलेल्या ९८ जणींमध्ये होते.

पैसे नव्हते म्हणून? होते. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. माहिती तर होतीच होती. तरी वर्षानुवर्षं "बघू पुढच्या महिन्यात" चाललं होतं. म्हणून "बायका अडाणी आहेत, जनजागृती कमी पडते" हे ठरलेलं निदान मला आता पटत नाही. माहिती लागतेच, तिच्यावाचून काहीच सुरू होत नाही. पण लस घ्यायची की नाही, तपासणीला जायचं की नाही, हे ठरवताना बाई कर्करोगाच्या धोक्याचा हिशेब मांडत नसते. आपण गेलो तर लोक आपल्याला काय समजतील, आपण स्वतःला काय समजू, आणि हे ठरवायचा अधिकार आपला आहे का, हे हिशेब ती मनात मांडत असते. आणि ते बहुतेक वेळा तिच्या विरुद्ध जातात.

आईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. "तुला कशाला" या दोन शब्दांत लस ही रोगावरची राहत नाही, ती चारित्र्याची होते. याची मुळं जुनी आहेत. १८४२मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्यूनोंदी तपासताना दोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरच्या लक्षात आलं, की गर्भाशयाच्या कर्करोगानं विवाहित बायका मरतात, मठातल्या जोगिणी क्वचितच. निरीक्षण मोलाचं होतं. पण त्यामुळे हा रोग कळला तोच शरीरसंबंधाच्या वाटेनं. पुढे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी एचपीव्ही या विषाणूचा संबंध सिद्ध केला, त्यासाठी २००८चं नोबेल त्यांना मिळालं, आणि चित्र पार बदलायला हवं होतं. कारण हा विषाणू अतिशय सामान्य आहे. शरीरसंबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो, आणि दहापैकी नऊ जणांच्या शरीरातून साधारण दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांना धोका. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, नवऱ्याकडून येऊ शकतो, आणि तो कधी कुणाकडून आला हे सांगता येत नाही. चारित्र्याशी त्याचा संबंध जोडणं हे विज्ञान म्हणूनही चूक आहे.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हिपॅटायटिस बी हा विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो आणि पुढे यकृताचा कर्करोग घडवतो. त्याची लस आपण जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांत देतो. त्या बाळाला कुणी "तुला कशाला" असं विचारत नाही. तिथं लस म्हणजे लस. तेवीस वर्षांच्या मुलीनं तीच सावधगिरी दाखवली की घरातल्या हवेत वेगळं काही तरंगू लागतं. मुलगी ते ओळखते. नको ती चर्चा, असं म्हणून ती नाव देत नाही, आणि आपण नोंद करतो की तरुण मुलींमध्ये जागरूकता कमी आहे.

नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी हा निर्णय आई घेते, आणि आईच्या मनाची रचना निराळी असते. "देऊन काही झालं तर?" हा तिचा प्रश्न. लस देऊन मुलीला ताप आला, चक्कर आली, तर ते माझ्या हातून झालं. लस न देता तिला चाळिशीत कर्करोग झाला, तर ते नशीब. करण्याचा दोष अंगाला चिकटतो, न करण्याचा चिकटत नाही. मानसशास्त्रात यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण कुठल्याही आईला ते वाचावं लागत नाही. जपाननं याची किंमत देशपातळीवर मोजली. तिथं एप्रिल २०१३मध्ये ही लस नेहमीच्या लसीकरणात आली. काही मुलींना वेदना आणि झटके येत असल्याच्या बातम्या दूरचित्रवाणीवर झळकल्या आणि जूनमध्येच सरकारनं शिफारस मागे घेतली. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याच्या खाली गेलं. लशीचा दोष सिद्ध झाला नाही. शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांतल्या मुलींचं काय झालं हे दिसायला आणखी वीस वर्षं लागतील, आणि तेव्हा तो दोष कुणाच्याच नावावर लागणार नाही.

पण आईचा संशय हा नुसता भित्रेपणा आहे असं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत या लशीचा प्रकल्प झाला. त्यात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. मात्र दुसरं जे निघालं ते लाजिरवाणं होतं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींसाठी कितीतरी संमतिपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. ज्यांच्या मुलींना न विचारता टोचलं गेलं, त्यांनी पुढच्या वेळी दार लावून घेतलं तर त्यांना अंधश्रद्धाळू म्हणायचं का? विश्वास एकदा गेला की पत्रकं वाटून तो परत येत नाही.

त्या थांबवण्यातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. त्याच सुमारास देशात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा वेगळा अभ्यास चालू होता, १७ हजारांवर मुलींचा. त्यात पुणे आणि बार्शीही होतं. सरकारी आदेशामुळे तोही मध्येच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. एका डोसानंही एचपीव्हीच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळजवळ तितकंच संरक्षण मिळतं, असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये लहान वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या मुलींचा वाटा आहे. बार्शीच्या शाळेत दंड पुढे केलेल्या त्या मुलींना हे कुणी सांगितलं का, हा प्रश्न माझ्या मनात राहतो. सांगायला हवं होतं.

आता भीतीकडे येते, कारण जनजागृतीवाल्यांचा सगळा भर तिच्यावर असतो. भीती घातली की बायका धावत येतील. येतात, हे खरं. ऑगस्ट २००८मध्ये जेड गुडी ही ब्रिटिश तरुणी आपल्या 'बिग बॉस'च्या घरात होती, आणि तिथंच तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कळलं. मार्च २००९मध्ये ती वारली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. मधल्या काळात इंग्लंडमध्ये एरवीपेक्षा सुमारे पाच लाख जास्त बायका तपासणीला आल्या. पुढे ती लाट ओसरली. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२४ला अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी या लशीचा उल्लेख केला, आणि दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावर ती याच कर्करोगानं गेल्याची बातमी आली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. त्या दोन दिवसांत देशभर या रोगाचं नाव झालं. पण ज्यांच्या घरात खरंच कुणी गेलं होतं त्यांच्या दुःखाचा तो अपमान होता, आणि भीतीनं आलेलं लक्ष खोटं निघालं की पुढच्या खऱ्या हाकेवरचाही विश्वास उडतो.

भीतीचा सर्वांत भयंकर वापर आपल्या घरातच झाला आहे, तो इंग्लंडात शोधायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बाया. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एका दिवसाचा खाडा झाला तर दंड. फडावर ना संडास, ना आंघोळीची जागा. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, ओटीपोटात कळा. अशी बाई खासगी डॉक्टरकडे गेली की अनेकींना सांगितलं गेलं, "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल." नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९मध्ये जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कित्येक जणी पंचविशी-तिशीतल्या.

ज्या रोगाच्या तपासणीला या राज्यातल्या बायका जात नाहीत, त्याच रोगाच्या नुसत्या नावानं तरुण बायांनी अवयव काढून दिले. म्हणजे भीती कमी नव्हती, उलट भरपूर होती. नव्हती ती साधी मधली पायरी: कुणीतरी तपासून सांगणं की बाई, हा कॅन्सर नाही, संसर्ग आहे, औषधानं जाईल. भीती दाखवून सुटकेची सोपी वाट हाती दिली नाही, तर माणूस एकतर डोळे मिटून घेतो किंवा समोरचा म्हणेल तिथं अंगठा उठवतो. पहिलं मी केलं. दुसरं बीडच्या बायांकडून करून घेतलं गेलं.

मराठीत एक क्रियापद आहे, अंगावर काढणं. दुखणं अंगावर काढायचं, ताप अंगावर काढायचा. आपल्या आया-आज्यांचं कौतुकही आपण याच शब्दांत करतो: कधी दवाखान्याची पायरी चढली नाही हो! दुखत असूनही जी बोलत नाही, तिला काही दुखत नसताना तपासायला जा म्हणणं हे तिच्या साऱ्या वळणाविरुद्ध जातं. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या फुकट एक्स-रे गाड्या दारात उभ्या राहायच्या आणि लोक यायचे नाहीत, तेव्हा मानसशास्त्रज्ञ कारणं शोधायला निघाले. त्यांना दिसलं, की काहीही त्रास नसताना आजार असू शकतो आणि लवकर कळलं तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी मनापासून पटलेले लोकच मोठ्या प्रमाणात येतात. आपल्याकडे पहिलीच गोष्ट पटत नाही. आणि त्रास असला तरी तो सांगायला शब्द नाही. "अंगावरून जातं" म्हणायचं, "खाली दुखतं" म्हणायचं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले सोसले. त्याला शंभर वर्षं झाली तरी शिकलेल्या घरातही आई मुलीशी बोलताना या अवयवाचं नाव घेत नाही. ज्याला नाव नाही त्याची काळजी कशी घेणार?

मग बायकांची लाज हा भिंतीसारखा अडसर आहे का? इथं मी उस्मानाबादेकडे बोट दाखवीन, म्हणजे आजच्या धाराशिवकडे. टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी जणी आल्या. कोरडवाहू शेतीवर राबणाऱ्या, अनेक निरक्षर, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका. कारण आरोग्य कार्यकर्त्या त्यांच्या घरी गेल्या, ओसरीवर बसल्या, काय करणार ते समजावलं, तपासणी गावाजवळ आणली. एचपीव्हीची एकदाच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, चाचणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटातल्या ३१ हजार बायकांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, ते मला रास्त वाटतात. पण बायका येत नाहीत हे मात्र या अभ्यासानं कायमचं खोटं पाडलं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं १९९८पासून केलेल्या प्रयोगात तर दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांनी पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून तपासणी केली. मिनिटभर थांबायचं, बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. या कर्करोगानं होणारे मृत्यू त्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले.

देशात दोन टक्के, आणि मराठवाड्यातल्या त्या खेड्यांत ऐंशी. बायका त्याच, लाजही तीच. बोलावण्याची रीत तेवढी बदलली.

शहरातल्या तरुणींना मात्र हे बोलावणं कुणी देत नाही. त्यांना देतात ती जाहिरात. भाचीची एक मैत्रीण लशीची चौकशी करायला गेली, तर काउंटरवरच्या बाईंनी भरल्या वेटिंग रूममध्ये विचारलं, "मिस की मिसेस?" ती "परत येते" म्हणून निघाली आणि परत गेली नाही. तेवढं एक वाक्य बंद झालं तरी कितीतरी मुली आत येतील. स्वतःच्या हातानं नमुना घेण्याची सोय आता जगात रुळते आहे. लहानसा ब्रश, स्नानगृहात जाऊन आपणच फिरवायचा, बाटलीत टाकायचा, एचपीव्हीच्या चाचणीला तो पुरतो. टेबल नाही, परका हात नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२पासून हा पर्याय सगळ्या पात्र स्त्रियांना खुला आहे. लाजेवर भाषणं देण्यापेक्षा लाजेला वळसा घालून जाणारी ही वाट आपल्या सरकारी केंद्रांत यायला हवी. आणि मुलग्यांनाही ही लस द्यायला हवी. दोघांनी मिळून वाहायच्या विषाणूचं ओझं एकटीच्या दंडावर टाकलं की "तुला कशाला" हा प्रश्न मुलीलाच येणार.

जानेवारीत मी जाऊन आले. टेबलावर पडल्यावर छताकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "श्वास सोडा, पाय सैल सोडा." गार लोखंडाचा स्पर्श, थोडा दाब, ब्रश फिरल्याची किंचित खरखर. त्यांनी ब्रशचं टोक बाटलीत टाकलं, झाकण लावलं, माझं नाव लिहिलं. पूर्ण व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी साडी नीट करत असताना मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी अठरा वर्षं घालवली होती. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, अवयवाचं नाव घेऊन सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही गं." दुसऱ्या दिवशी तिनंच भाचीला फोन लावला आणि विचारलं, "घेतलीस का ती लस?"

मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर तिच्या डॉक्टरांशी या लशीबद्दल बोला. ती मोठी झाली असेल, सव्विशीच्या आत असेल, तर घेणं न घेणं तिच्यावर सोपवा आणि तिनं विचारलं तर बरोबर जा. आणि तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे या महिन्यातली एक तारीख ठरवा. शेजारणीलाही विचारा. एकटीनं जायला नको वाटत असेल, तर दोघी मिळून जा.